पोर्ट टॅलबॉटच्या पाण्यात नेमकं आहे तरी काय?

रिकामटेकडी:
मंडळी, नवऱ्याला वेल्समध्ये स्वान्सीला नोकरी लागलीये, दोनेक महिन्यांत निघायचंय. स्वान्सीत भाडी बघून डोळे पांढरे झाले म्हणून आजूबाजूची गावं शोधतोय, त्यात पोर्ट टॅलबॉट नावाचं गाव सारखं समोर येतंय. मला त्या गावाबद्दल एवढंच माहीत होतं की तिथे टाटांचा स्टीलचा कारखाना आहे आणि त्याच्या बातम्या अधूनमधून पेपरात येतात. काल झोप येत नव्हती म्हणून गावाबद्दल वाचत बसले तर काय, अँथनी हॉपकिन्स, सिनेमातला तो नरभक्षक हॅनिबल लेक्टर झालेला, तिथला! पुढे वाचलं तर रिचर्ड बर्टन तिथला, मायकेल शीन पण तिथला. म्हणजे तीस-पस्तीस हजारांच्या घरातलं गाव, अर्ध्या गावावर कारखान्याचा धूर, आणि तिथून हे असले नट निघतायत एकामागून एक. हे कसं काय? योगायोग म्हणून सोडून द्यायचं का त्यात काही आहे? आणि नट सोडून अजून कोणी आहे का त्या गावचं नाव काढलेलं? कोणी तिकडे राहत असेल तर गाव राहायला कसं आहे तेही सांगा प्लीज. सासूबाई रोज विचारतात "गाव बरं आहे ना गं" आणि मी रोज "हो आई, हॅनिबल लेक्टरचं गाव आहे" असं मनातल्या मनात म्हणते.

आफनकाठचा:
शेजारच्या नीथमध्ये राहतो, पोर्ट टॅलबॉटला येणं-जाणं असतं, त्यामुळे हा धागा सोडवेना. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

बर्टनपासून सुरू करतो कारण बाकीचे सगळे त्याच्या मागून आले. तो मुळात बर्टन नव्हताच. रिचर्ड वॉल्टर जेंकिन्स, जन्म १० नोव्हेंबर १९२५, पाँट्रीडिवेन नावाच्या खेड्यात, पोर्ट टॅलबॉटच्या वरच्या अंगाला दरीत आहे ते. तेरा भावंडांतला बारावा. वडील कोळशाच्या खाणीत. तो दोन वर्षांचा व्हायच्या आत, तेराव्या बाळंतपणानंतर काही दिवसांत आई गेली. मग मोठी बहीण, सिस म्हणायचे तिला, नुकतं लग्न झालेलं, ती या पोराला खाली पोर्ट टॅलबॉटच्या टायबाख भागात आपल्या घरी घेऊन आली. घरात बोली वेल्श, इंग्रजी तो नंतर शिकला, आणि पुढे इंग्रजी बोलणाऱ्या जगाने ज्याच्या आवाजासाठी कान टवकारले तो हाच पोरगा.

वडिलांचा एक किस्सा त्याने १९८० मध्ये अमेरिकेत एका टीव्ही मुलाखतीत सांगितला होता, नेटवर मिळेल, जरूर बघा. म्हणे बाप कोळशाच्या थराबद्दल असा बोलायचा जसं एखाद्या देखण्या बाईबद्दल बोलावं. तो थर स्पेनच्या उत्तरेला सुरू होतो, समुद्राखालून येतो, वेल्समध्ये वर डोकं काढतो आणि पुन्हा अटलांटिकखालून थेट अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाला निघतो असं वर्णन. आणि मग कसलेला खाणकामगार त्या थराकडे नुसता बघत उभा राहतो, नेमकी जागा हेरतो, हातातली कुदळ एकदाच मारतो आणि ढीगभर कोळसा खाली येतो. भूगर्भशास्त्राचं काय असेल ते असो, पण सांगायची ढब बघा. ज्या घरात बाप खाणीतून काळाठिक्कर होऊन येतो आणि असं बोलतो, त्या घरातल्या पोराला नाटक वेगळं शिकवावं लागत नाही.

पण आता मुद्द्याचं. नुसतं घर, नुसतं रक्त यावर काही झालं नसतं. पंधरा-सोळाव्या वर्षी घरच्या ओढाताणीमुळे शाळा सोडून तो को-ऑपच्या दुकानात पुरुषांच्या कपड्यांच्या काउंटरवर उभा होता. युद्धाचे दिवस, कपडे रेशनच्या कुपनावर. आयुष्य तिथेच गेलं असतं. त्याला परत शाळेत कोणी आणलं? टायबाखचे एक मास्तर, मेरेडिथ जोन्स, जे संध्याकाळी पोरांसाठी क्लब चालवायचे, आणि लेवेलिन हेकॉक म्हणून एक नगरसेवक, जो स्वतः रेल्वेत इंजिन चालवायचा आणि शिक्षण समितीत वजन राखून होता. एकदा शाळा सोडलेल्या पोराला परत घ्यायचा रिवाज नव्हता, यांनी शब्द टाकून घ्यायला लावलं. त्या क्लबात नाटक शिकवायचा लिओ लॉइड, तो पोलाद कारखान्यात कामाला. दिवसा कारखाना, संध्याकाळी पोरांच्या तालमी.

आणि मग शाळेतले फिलिप बर्टन सर. रेडिओसाठी नाटकं लिहायचे, थिएटरचं वेड, स्वतः एकटे. त्यांनी या पोराला हातात घेतलं. वेल्श हेल असलेलं इंग्रजी घासून घासून स्वच्छ केलं. डोंगरावर न्यायचे आणि शेक्सपिअर म्हणायला लावायचे, स्वतः मात्र हळूहळू लांब लांब जात राहायचे. अट अशी की मला तिथे ऐकू आलं पाहिजे पण तू ओरडायचं नाहीस. विचार करा, उघड्यावर, वाऱ्यात, आवाज न चढवता शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोचवायचा. नंतर थिएटरच्या शेवटच्या रांगेतल्या माणसाला जो आवाज कानात बोलल्यासारखा वाटायचा तो तिथे त्या टेकडीवर तयार झाला. १९४३ मध्ये सरांनी त्याला कायद्याने दत्तक घ्यायचं ठरवलं तर अंतर कमी पडलं, दोघांच्या वयात २१ वर्षांचं अंतर लागायचं आणि ते काही दिवसांनी हुकलं. म्हणून मग पालकत्व घेतलं, आणि पोराने त्यांचं आडनाव लावलं. जेंकिन्सचा बर्टन झाला तो असा.

हॉपकिन्स, शीन वगैरे नंतर लिहितो, ड्युटी आहे.

लेले_नाही_गोखले:
वरची पोस्ट छान आहे पण जरा तपशिलात शिरलं तर अडचण आहे. बर्टन जन्मला पाँट्रीडिवेनला. शीन जन्मला न्यूपोर्टला, ५ फेब्रुवारी १९६९, आणि आठेक वर्षांचा असताना या भागात आला. म्हणजे तिघांतला अस्सल पोर्ट टॅलबॉटी एकटा हॉपकिन्स, आणि तोही मार्गमचा. उद्या म्हणाल कॅथरीन झेटा-जोन्स पण तिथलीच, ती स्वान्सीची आहे. अशी उधारी घेऊन कुठल्याही गावाची यादी लांबवता येते.

आफनकाठचा:
अहो गोखले, आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं म्हणून कोणी आयुष्यभर आजोळचा होतो का? जिथे वाढला, शाळेत गेला, पहिल्यांदा स्टेजवर चढला ते गाव. मार्गम, टायबाख, बॅगलन, ॲबरॲव्हन ही सगळी एकाला एक लागून आहेत आणि मिळूनच पोर्ट टॅलबॉट होतं. शीन बॅगलनचा. विनोदी नट रॉब ब्रायडन, तोही बॅगलनचाच. बर्टनला तर टायबाखबाहेरचा म्हणायची छाती गावात कोणाची नाही.

आणि उधारीचं म्हणाल तर एक गंमत सांगतो. या दहा-बारा मैलांच्या टापूत अभिनयाचं ऑस्कर मिळवलेले तिघे आहेत. नीथचा रे मिलंड, १९४६ मध्ये. मग हॉपकिन्स. मग तुमची ती झेटा-जोन्स. आणि ज्याला सगळे या मातीतला सगळ्यात मोठा नट मानतात त्या बर्टनला सात नामांकनं मिळून एकही नाही. सात! प्रत्येक वेळी सूट घालून जायचं आणि दुसऱ्यासाठी टाळ्या वाजवून परत यायचं.

भट्टीवाला:
पोलादाच्या धंद्यात उमेदीची वर्षं गेली माझी, आता निवृत्त. नाटक-सिनेमातलं फार कळत नाही पण हे सगळं मास्तर आणि क्लबच्या पुण्याईवर टाकणं मला अर्धवट वाटतंय. ते क्लब, ते मास्तर, ती लायब्ररी कशावर चालत होती? पगारावर.

या गावात पोलाद विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला आलं, पण खरी झेप १९५१ ची, ॲबी वर्क्स सुरू झालं तेव्हा. मार्गमला बाराव्या शतकातला मठ आहे, ११४७ चा, त्याच्यावरून ॲबी, म्हणजे मठ, हे नाव. १९६० च्या दशकात तिथे १८ हजारांच्या आसपास माणसं कामाला होती. गावाच्या आकाराच्या मानाने हा आकडा बघा, म्हणजे जवळपास घरटी एक माणूस. युनियन भक्कम, पगार बरे, शिफ्ट ठरलेल्या. शिफ्ट ठरलेली असली की माणसाला संध्याकाळ मिळते आणि संध्याकाळ मिळाली की गावात क्वायर उभं राहतं, रग्बी उभं राहतं, नाटकाची तालीम होते. कंत्राटी कामावर बारा-बारा तास राबणारा लिओ लॉइड पोरांना काय शिकवणार होता, कप्पाळ.

आपला संबंध सगळ्यांना माहीतच आहे, २००७ मध्ये टाटा स्टीलने कोरस ही पोलाद कंपनी घेतली आणि हा कारखाना मुंबईतल्या कंपनीचा झाला. पुढे तोटा, कार्बन, चीनचा स्वस्त माल, सगळं रामायण झालं. जुलै २०२४ मध्ये ५ नंबरची ब्लास्ट फर्नेस बंद झाली आणि ३० सप्टेंबर २०२४ ला ४ नंबरची. ज्यांना या कामाची कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगतो, ब्लास्ट फर्नेस म्हणजे संध्याकाळी कुलूप लावून सकाळी उघडायची वस्तू नव्हे. ती वर्षानुवर्षं रात्रंदिवस पेटती असते, वरून लोहखनिज, कोक आणि चुनखडी, खालून तापवलेली हवा, तळाशी वितळलेलं लोखंड साचत जातं आणि ठरावीक वेळाने मातीचा बूच फोडून ते बाहेर काढतात. शेवटचं टॅपिंग म्हणजे पोटातलं होतं नव्हतं ते सगळं काढून घेणं. त्यानंतर ती थंड होते आणि आतलं अस्तर गेलं की गेलं. तिच्यापुढे ज्यांनी उमेदीची वर्षं घालवली त्यांना त्या दिवशी काय वाटलं असेल ते मी सांगायला नको. आता त्या जागी इलेक्ट्रिक आर्क फर्नेस येतेय, सव्वा अब्ज पाउंडांचा प्रकल्प, त्यात ५० कोटी पाउंड ब्रिटिश सरकारचे. भंगार वितळवून पोलाद करणार. तंत्र म्हणून योग्यच आहे, प्रदूषणही बरंच कमी, पण त्या भट्टीला माणसं कमी लागतात. साधारण २८०० नोकऱ्या जाणार असं तेव्हा सांगितलं होतं.

तेव्हा ताई, पाण्यात काय आहे विचाराल तर माझ्या मते पाण्यात काही नाही, लोखंडात होतं.

पॅव्हेलियन_एंड:
नट नट काय लावलंय, या गावाने मार्गारेट थॅचरची विकेट काढलीये ते कोणी सांगणार आहे का नाही?

जेफ्री हाऊ. जन्म पोर्ट टॅलबॉट, २० डिसेंबर १९२६, म्हणजे बर्टनपेक्षा वर्षभराने लहान. वकिलाचा मुलगा, बाहेरच्या महागड्या शाळेत गेला, पुढे थॅचरबाईंचा अर्थमंत्री, मग परराष्ट्रमंत्री, मग उपपंतप्रधान. बोलायला इतका मवाळ आणि कंटाळवाणा की मजूर पक्षाचे डेनिस हीली म्हणाले होते की यांनी हल्ला केला तर मेलेल्या मेंढीने अंगावर आल्यासारखं वाटतं. पुढे युरोपवरून बाईंशी बिनसलं, १ नोव्हेंबर १९९० ला राजीनामा दिला, आणि १३ तारखेला पार्लमेंटमध्ये उभे राहून भाषण केलं. त्यात क्रिकेट आणलं. म्हणाले की वाटाघाटींना जाणं म्हणजे ओपनिंग बॅट्समन क्रीजवर पोचावेत आणि पहिले बॉल पडताना त्यांना कळावं की आपल्या बॅटी मॅचच्या आधीच मोडून ठेवल्यात, आणि त्या आपल्याच कॅप्टनने मोडल्यात. आवाज तोच मवाळ. शेजारी माणसं गपगार. २२ नोव्हेंबरला बाईंनी जाहीर केलं की मी जाते. यूट्यूबवर आहे, क्रिकेट कळणाऱ्या प्रत्येकाने बघावं.

आणि यातला बारकावा असा की हाऊ साहेब याच ॲबरॲव्हन मतदारसंघातून दोनदा उभे राहिले होते, १९५५ आणि १९५९, आणि दोन्ही वेळा गावाने घरी पाठवलं. कारण तो मतदारसंघ १९२२ पासून कायम मजूर पक्षाचाच राहिला. १९२२ ला निवडून कोण आलं होतं तर रॅम्से मॅकडोनाल्ड, जे १९२४ मध्ये ब्रिटनचे पहिले मजूर पंतप्रधान झाले. ते मात्र स्कॉटलंडचे, गोखलेंनी लगेच हरकत घेऊ नये.

चुन्याची_डबी:
अजून एक भरताड माहिती. 'बीविच्ड' नावाची जुनी अमेरिकन मालिका, त्यात चेटकिणींचा डॉक्टर होता डॉ. बॉम्बे, तो करणारा बर्नार्ड फॉक्स पोर्ट टॅलबॉटचा. म्हणजे टाटांच्या आधीपासून गावाचं मुंबईशी नातं आहे बघा.

रिकामटेकडी:
बापरे, मी झोपून उठले तर इथे पुरण शिजलेलं. भट्टीवाले काका, तुमचा मुद्दा डोक्यात राहिला. पण मग प्रश्न असा पडतो की पोलादाची गावं तर ब्रिटनमध्ये कितीतरी होती, तिथे का नाही निघाले असे लोक? आणि हॉपकिन्सबद्दल कोणीच काही लिहीत नाहीये, मूळ आकर्षण तेच होतं माझं.

मावशी_मिल्टन_कीन्सवाली:
हॉपकिन्स मी लिहिते, माझा देव आहे तो.

३१ डिसेंबर १९३७ चा जन्म, मार्गमला. वडील पाववाले, टायबाखला बेकरी होती त्यांची. हा एकुलता एक, घुमा, अभ्यासात ढ. शाळा बदलून बदलून शेवटी काउब्रिजच्या ग्रामर स्कूलमध्ये टाकलं, तिथेही तेच. कागद रंगवत बसायचं नाहीतर पियानो. स्वतःच सांगतो मुलाखतींतून की सगळे मला मठ्ठ समजायचे, मीही समजायचो. आणि एके दिवशी कळलं की रिचर्ड बर्टन बहिणीकडे आलाय, तिथेच टायबाखला. हा गेला सही घ्यायला. पंधरा वर्षांचा वगैरे असेल. सही मिळाली, दोन शब्द बोलणं झालं, बस्स तेवढंच. पण आपल्या गल्लीतला, आपल्यासारखंच बोलणाऱ्या घरातला माणूस जग जिंकून आलाय हे डोळ्यांनी बघणं वेगळं असतं हो. माझ्या मते रिकामटेकडीच्या प्रश्नाचं हेच उत्तर आहे. पहिला निघणं अवघड, दुसऱ्याला निदान माहीत असतं की दार कुठे आहे. गावातल्या वायएमसीएच्या नाटक मंडळात हा गेला, तिथून कार्डिफच्या कॉलेजात, मग लंडनला राडा नावाच्या नाट्यशाळेत, मग नॅशनल थिएटर, तिथे १९६७ मध्ये खुद्द लॉरेन्स ऑलिव्हिए आजारी पडले आणि बदली म्हणून याला उभं राहायला लागलं. पुढचं जगाला माहीत आहे.

आमच्या घरात 'सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स' बघायला बंदी आहे कारण मी मध्ये मध्ये पॉज करून समजावून सांगते. अख्ख्या सिनेमात तो जेमतेम सोळा-सतरा मिनिटं दिसतो! तरी बेस्ट ॲक्टर. दुसरं ऑस्कर २०२१ ला, वय ८३, अभिनयातला आजवरचा सगळ्यात म्हातारा विजेता, आणि समारंभाला गेलाच नव्हता. वेल्समध्ये होता. सकाळी उठून हिरवळीवर उभं राहून छोटासा व्हिडिओ टाकला, आभार मानले, संपलं. आणि डिसेंबर १९७५ पासून दारूचा थेंब नाही. बर्टन मात्र प्रचंड प्यायचा आणि ५८ व्या वर्षी गेला, हे दोन्ही टायबाखचेच. स्वित्झर्लंडमध्ये सेलिन्यीला पुरलंय त्याला, वेल्सचा म्हणून लाल कपडे आणि सोबत डिलन थॉमसच्या कविता.

शिवाय हॉपकिन्स संगीत देतो. १९६४ मध्ये लिहिलेला एक वॉल्ट्झ ठेवून दिला होता, तो २०११ ला व्हायोलिनवादक आंद्रे रियूने व्हिएन्नात वाजवला, तेव्हा प्रेक्षकांत बसून ऐकताना त्याचा चेहरा बघा एकदा.

जुनापुराणा:
तुम्ही सगळे विसाव्या शतकात अडकलात. गावाचं सगळ्यात मोठं नाव माझ्या लेखी डिक पेंडेरिन, आणि तो ना नट ना मंत्री, साधा खाणकामगार.

खरं नाव रिचर्ड लुईस, जन्म १८०८, ॲबरॲव्हन. घरचे पुढे मर्थर टिडफिलला गेले, त्या वेळी लोखंडाचं सगळ्यात मोठं शहर ते. १८३१ मध्ये तिथे मालकांनी मजुरी कापली, दुसरीकडे कर्जवसुलीचं कोर्ट लोकांच्या घरातून खाटा, भांडी उचलून नेत होतं. जूनमध्ये भडका उडाला, लोकांनी कोर्टच फोडलं, लाल निशाण फडकवलं. कामगारांनी लाल निशाण हातात घेतल्याच्या अगदी सुरुवातीच्या घटनांमध्ये हा उठाव मोजतात. सैन्य आलं, कॅसल इनसमोर गोळीबार झाला, निदान १६ माणसं मेली. त्या गदारोळात डोनाल्ड ब्लॅक नावाच्या एका सैनिकाच्या पायात संगीन घुसली. तो मेला नाही, बरा झाला. पण त्याबद्दल डिकला धरलं. स्वतः ब्लॅकने कोर्टात सांगितलं की मी याला ओळखत नाही. तरी फाशी. सुटकेच्या अर्जावर ११ हजार सह्या पडल्या, नीथचे जोसेफ ट्रेगेलिस प्राइस, स्वतः लोखंडाच्या कारखान्याचे मालक पण क्वेकर पंथाचे, ते त्याच्यासाठी लंडनला खेटे घालत राहिले. गृहमंत्री लॉर्ड मेलबर्न बधले नाहीत. १३ ऑगस्ट १८३१ ला कार्डिफमध्ये फाशी दिलं, वय २३. फासावर वेल्शमध्ये म्हणाला, देवा, हा अन्याय आहे. तिथून मृतदेह ॲबरॲव्हनला आणला, सेंट मेरी चर्चच्या आवारात पुरलाय. आणि १८७४ मध्ये अमेरिकेत एका मरणपंथाला लागलेल्या माणसाने कबुली दिली की संगीन मी मारली होती.

त्याला मरणोत्तर माफी मिळावी म्हणून अजून प्रयत्न चाललेत. रिकामटेकडी, तुम्ही राहायला जाणार असाल तर ते चर्च गावातच आहे, आधी तिथे जा.

लेले_नाही_गोखले:
डिक पेंडेरिनबद्दल हरकत नाही. जन्मही तिथला, मातीही तिथली.

आफनकाठचा:
सुट्टी आहे आज, राहिलेलं लिहितो. शीन.

मावशींचा पहिला-दुसरा वाला मुद्दा पटला, पण शीनच्या बाबतीत अजून एक गोष्ट आहे. त्याच्या वेळेपर्यंत ते एकट्यादुकट्या मास्तरच्या जिवावर राहिलं नव्हतं. वेस्ट ग्लॅमॉर्गन काउंटीने पोरांसाठी युथ थिएटर काढलं होतं, सरकारी खर्चाने, गॉडफ्री इव्हान्स नावाचे गृहस्थ ते चालवायचे. शीन त्यातला. 'डॉक्टर हू' परत उभी करणारा रसेल टी डेव्हिस, स्वान्सीचा, तोही त्यातलाच. म्हणजे काका, तुमचं लोखंड बरोबर, पण लोखंडाच्या पैशातून काय उभं करायचं हे कोणीतरी ठरवलं होतं. हेकॉक इंजिन ड्रायव्हर होता आणि शिक्षण समितीवर बसून भांडायचा, तो मला या सगळ्यात बर्टनएवढाच महत्त्वाचा वाटतो. बाकीच्या पोलादी गावांत पोरं कमी हुशार नव्हती, एवढंच.

२०११ च्या ईस्टरला शीनने जे केलं त्याबद्दल इथले लोक अजून बोलतात. येशूच्या शेवटच्या दिवसांची कथा, पण गाव हेच, स्टेजही गावच. तीन दिवस, बहात्तर तास, किनाऱ्यावर, शॉपिंग सेंटरमध्ये, सोशल क्लबमध्ये, रस्त्यावर. गावातली हजारावर माणसं त्यात होती. दुकानदार, निवृत्त कामगार, बँडवाले. एक प्रसंग लेवेलिन स्ट्रीटवर. ही गल्ली मुद्दाम बघा. १९६६ मध्ये गावाच्या डोक्यावरून मोटरवे नेला, वेल्समधला पहिला, त्याच्यासाठी घरं पाडली, चॅपल पाडली, आणि या गल्लीची एक बाजूच गेली. उरलेल्या बाजूच्या घरांच्या दारात उभं राहिलं की समोर काँक्रीटचे खांब, आणि वर एम४ वरून ट्रक घरघरत जातात. शेवटी शीनला क्रूसावर चढवलं ते समुद्राजवळच्या एका गोल चौकात, हजारो लोकांसमोर. आणि क्रूसावरून तो काय ओरडला, तर गावातल्या नाहीशा झालेल्या जागांची, माणसांची नावं. आठवतंय मला, आठवतंय मला म्हणत एकेक. माझ्या ओळखीची एक नर्स आहे, तिथलीच, धर्माशी फार देणंघेणं नाही तिला, ती सांगताना अजून थांबते.

आणि नुसतं भावनिक नाही, खिशातही हात घातलाय माणसाने. २०१९ मध्ये कार्डिफला बेघरांचा फुटबॉल वर्ल्ड कप व्हायचा होता, पैसे आटले, याने स्वतःची घरं विकून तो पार पाडला. नंतर एक लाख पाउंड घालून दक्षिण वेल्समधल्या ९०० माणसांचं मिळून दहा लाख पाउंडांचं थकलेलं कर्ज विकत घेतलं आणि फाडून टाकलं. बुडीत कर्ज कवडीमोलाने विकलं जातं म्हणून एवढ्यात जमलं. आता राहतोही याच भागात.

भट्टीवाला:
हेकॉकचा मुद्दा मान्य आहे. पण इंजिन ड्रायव्हर समितीवर बसू शकला कारण त्याच्यामागे युनियन होती. मी माझं लोखंड सोडणार नाही.

रिकामटेकडी:
नका सोडू काका. 🙂 आता शेवटचा आणि खरा प्रश्न. घर कुठे घेऊ? मुलगी चार वर्षांची आहे आणि तिला दम्याचा थोडा त्रास आहे. नवरा रोज स्वान्सीला जाणार, गाडी लगेच घेणार नाही. धुळीचं काय ते खरं खरं सांगा.

आफनकाठचा:
धुळीची तक्रार इथे जुनी आहे, खोटी नाही. खिडकीच्या कठड्यावर, वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी पूड, हे टायबाखच्या कोणालाही विचारा. डिसेंबर २०१८ मध्ये बँक्सीने, तो गुपचूप भिंती रंगवून जाणारा चित्रकार, त्याच्यावरच चित्र काढलं, टायबाखमधल्या एका कामगाराच्या गॅरेजच्या भिंतीवर. एका बाजूने बघितलं तर लहान पोरगा जीभ बाहेर काढून बर्फ झेलतोय, कोपरा वळून दुसरी भिंत बघितली की कळतं बर्फ नाही, पेटलेल्या कचऱ्याची राख आहे ती. बघायला इतकी झुंबड उडाली की पहारा ठेवायला लागला. पुढे ते भिंतीसकट उचलून गावातल्या एका इमारतीत ठेवलं आणि २०२२ मध्ये गावाबाहेर गेलं, त्यामुळे आता शोधत बसू नका.

भट्ट्या बंद झाल्या असल्या तरी मुलीला दमा आहे म्हणताय तर कारखान्याला लागून नका घेऊ. बॅगलन बघा, तो वरच्या अंगाला, स्वान्सीच्या बाजूला आहे आणि ट्रेनचं छोटं स्टेशनही आहे. गावाचं मुख्य स्टेशन पोर्ट टॅलबॉट पार्कवे, लंडन पॅडिंग्टनहून स्वान्सीला जाणाऱ्या गाड्या तिथे थांबतात, म्हणजे सासूबाई आल्या तर लंडनहून एकच गाडी. ॲबरॲव्हनचा किनारा लांबलचक आणि फुकट, मार्गम पार्कात हरणं आहेत, मुलगी खूश होईल. घर बघायला जाल तो दिवस पावसाचा निवडा, निवडायची गरज पडणार नाही म्हणा, आणि बाथरूमच्या छताचे कोपरे नीट बघून घ्या. दमा असेल तर कारखान्यापेक्षा घरातली ओल जास्त छळते इकडे.

मावशी_मिल्टन_कीन्सवाली:
ओलीचं शंभर टक्के. आणि इंडक्शनवर चालेल असा कुकर घेऊन ये गं, बाकी सगळं इकडे मिळतं.